हिरव्या कापडाखालचा वजनकाटा

मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या खेळाच्या खोलीत, दोरीउड्यांच्या टोपलीशेजारी उभा असतो ना, तोच मी. लोखंडी खांब, वर आडवी दांडी, दांडीवर सरकणारी दोन वजनं आणि अंगावर एक विटलेलं हिरवं कापड. ते कापड कशाला, असं परवा तुमच्यातल्या कुणीतरी विचारलं, तर दुसऱ्याने ठोकून दिलं की धूळ बसू नये म्हणून. खरं कारण वेगळं आहे, आणि ते मलाच ठाऊक आहे.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझा पाया केला, मग दांडीवर रेघा कोरल्या. शेवटी एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्यावर वजनं ठेवून पाहिली, कान पिळावा तसा एक स्क्रू पिळला आणि म्हणाला, हा आता खोटं बोलायचा नाही. माझी छाती काय फुगली तेव्हा! पण खरं बोलणारा कुणाला आवडतो? माझ्यावरून उतरणारी निम्मी माणसं म्हणायची, काटा बिघडलाय. चपला काढून पुन्हा चढायची. एका गृहस्थांनी तर चष्मासुद्धा काढून ठेवला आणि मग त्यांना आकडाच दिसेना.

मला विकत घेतलं एका डॉक्टरीणबाईंनी. भाजून आखडलेले हात मोकळे करणं, फाटलेले ओठ जोडणं, अशी कामं त्या करायच्या. लायपोसक्शनही करायच्या. म्हणजे त्वचेला लहानसा छेद देऊन आत बारीक नळी घालायची आणि एका जागी हटून बसलेली चरबी ओढून काढायची. ऐकायला सोपं वाटतं, पण ते ऑपरेशनच आहे बरं. म्हणून बाई आधी खोदून खोदून विचारायच्या. कुठल्या गोळ्या घेता, तंबाखू आहे का, घरात कुणाच्या रक्तात गुठळी झाली होती का. बरेच जण वजन उतरवायला म्हणून यायचे. त्यांना त्या सरळ सांगायच्या की हे वजन घटवायचं औषध नाही, अंगाचा आकार सुधारायचं काम आहे. त्यासाठी आधी खाणंपिणं आणि चालणं सुधारा, वजन स्थिर होऊ द्या, मग या. काही जण रागावून जायचे. बाईंना त्याचं काही नसे.

त्यांच्याकडे एक रीत होती. ऑपरेशन झालेला पेशंट तपासणीला यायचा असला की सिस्टर माझ्यावर ऑपरेशनच्या खोलीतलं हिरवं कापड टाकायची. मला भारी अपमान वाटायचा. एवढा खरं बोलणारा मी, आणि मलाच बुरखा? मी मनातल्या मनात धुसफुसत राहायचो.

अशातच एक दिवस बसवाल्या ताई आल्या. शाळेची बस चालवायच्या. सोबत नणंद होती, वहिनीच्या प्रत्येक वाक्याला शेपूट जोडणारी. दुसऱ्या बाळंतपणानंतर ताईंनी रोज पहाटे चालून बरंच वजन उतरवलं होतं, पण पोटावरचा आणि कमरेवरचा घेर काही हलेना. सीटचा पट्टा लावला की तो वरून ओघळायचा. आरशासमोरून जाताना मी मान फिरवते, असं त्या अगदी खाली बघत म्हणाल्या. नणंदेची शेपूट त्या वेळी जागेवरच राहिली. बाईंनी मला विचारून खात्री केली, वजन कित्येक महिने स्थिर होतं. ऑपरेशन ठरलं.

त्या दिवशी बाईंनी ताईंना उभं ठेवूनच पोटावर पेनाने गोल काढले, कारण आडवं झालं की चरबी सरकते आणि खुणा चुकतात. नणंद म्हणाली, वहिनी, तुझ्या पोटावर डोंगराचा नकाशा झालाय. ताई हसत हसत आत गेल्या. सगळं नीट पार पडलं. घरी जाताना बाईंनी बजावलं की पोटावर बांधलेला घट्ट पट्टा काढायचा नाही, भरपूर पाणी प्यायचं, पायात रक्त साकळू नये म्हणून घरातल्या घरात चालत राहायचं. सूज येणार, खरा आकार दिसायला काही महिने लागणार. आणि वजन करायचं नाही.

पण शेवटचं वाक्य ताईंच्या मनात घोळत राहिलं. पहिल्या तपासणीला सिस्टर कापूस आणायला बाहेर गेली, तशी त्यांनी माझ्यावरचं कापड उचललं आणि चढल्या. मी काय करणार? खरं तेच सांगितलं. वजन दोन किलोने वाढलं होतं! नळी घालण्याआधी त्वचेखाली मिठाचं पाणी सोडतात, त्यातलं काही अंगातच राहतं, वर सूज असते, म्हणून पहिले काही दिवस आकडा वर जातो. हे मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे? ताईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी कापड घाईघाईने परत टाकलं, तेही उलटं. मला बुरखा का घालतात ते त्या दिवशी मला कळलं.

ताईंना वाटलं, सगळं पाण्यात गेलं. बोलायची चोरी, कारण कापड उचलल्याचं कोणत्या तोंडाने सांगणार? मग घरी त्यांनी स्वतःच उपाय शोधला. पाण्यामुळे वजन वाढलं म्हणून पाणी तोडलं. पट्ट्यामुळे पाणी अडतं असं वाटून पट्टा सैल केला. आणि हिरमुसून दिवसभर पडून राहू लागल्या.

पुढच्या तपासणीला त्या आल्या तेव्हा ओठ सुकलेले, चेहरा उतरलेला. सिस्टरने खुर्ची पुढे केली. पण ताई सरळ माझ्याकडे आल्या, सगळ्यांसमोर कापड ओढलं आणि म्हणाल्या, आधी वजन, मग बाकीचं. सिस्टर नको नको म्हणत असताना त्या चढल्यासुद्धा. सिस्टरने नाइलाजाने वजनं सरकवली, पण माझी दांडी काही स्थिरावेना. वर जाई, खाली येई. मी बिघडलो नव्हतो, मित्रांनो. ताई एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होत्या, डावा पाय नीट टेकवतच नव्हत्या.

तेवढ्यात बाई आत आल्या. त्यांनी डोलणारी दांडी पाहिली आणि आकडा न वाचता नजर थेट खाली नेली.

"ताई, आकडा राहू दे," त्या म्हणाल्या. "डावा पाय दुखतोय का?"

ताई म्हणाल्या, थोडा दुखतो, सूज येणारच असं तुम्हीच सांगितलं होतंत. बाई खाली बसल्या. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड होती, गरम होती. ऑपरेशनची सूज नळी फिरली तिथे येते, एकाच पोटरीत नाही. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असावी, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल, असं त्यांनी शांतपणे पण स्पष्ट सांगितलं. नणंदेने वहिनीला धरून खुर्चीत बसवलं. ताई तेव्हा कुठे रडल्या आणि पाणी, पट्टा, कापड, सगळं भडाभडा सांगून मोकळ्या झाल्या. बाई एका शब्दानेही रागावल्या नाहीत. गाडी मागवली आणि स्वतः त्यांना घेऊन मोठ्या रुग्णालयात गेल्या.

मी उघडाच उभा राहिलो. त्या दिवशी मला आकडे नकोसे झाले. ताईंचा चेहराच डोळ्यांसमोर येत होता. संध्याकाळी फोन वाजला, सिस्टरने घेतला आणि डोळे पुसत माझ्यावर कापड टाकलं. गुठळीच होती, पण वेळेत सापडली होती. माझा जीव भांड्यात पडला.

ताई औषधांनी बऱ्या झाल्या. काही महिन्यांनी सूज ओसरली आणि पोटाचा आकार हवा तसा दिसू लागला. आरशासमोर थांबते आता, असं त्या बाईंना म्हणाल्या. नणंदेने शेपूट जोडली, थांबते कसली, हलतच नाही!

पुढे दवाखान्यात लाल आकडे दाखवणारा चपटा काटा आला आणि मी अडगळीत गेलो. भंगारवाला मला न्यायला आला, त्याच दिवशी ताई बाईंना भेटायला आल्या होत्या. त्यांनी दारातच त्याला अडवलं. "याला नेऊ नका. माझा दुखरा पाय यानेच दाखवला," त्या म्हणाल्या. त्या दोन शब्दांसाठी मी जन्मभर त्यांचा ऋणी आहे. मला बसच्या मागच्या सीटवर बसवून, पट्टा बांधून, त्यांनी तुमच्या शाळेत आणलं. हिरवं कापडही मागून घेतलं.

म्हणून मित्रांनो, माझी एवढी विनंती ऐका. माझ्या सांध्यात अधूनमधून तेल सोडा, माझ्यावर उड्या मारू नका. आणि माझा आकडा कुणाला चिडवायला वापरू नका. मागच्या वेळी तुम्ही ओरडून आकडे सांगत होतात आणि रांगेतली एक मुलगी मागे मागे सरकत होती. ताईंनी ते पाहिलं. तुम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि माझी दांडी कापडाने झाकली. मुलगी डोळे मिटून माझ्यावर चढली. आता आकडा कानावर येणार म्हणून तिने श्वास धरला होता.

ताई तिच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, कुठे दुखत नाही ना?"