दुखवट्याचं पागोटं

मनकर्णेला नवऱ्याच्या रागाची भीती कधी वाटली नाही. भीती वाटली ती त्याच्या पडून राहण्याची. कापसाचा भाव बसला तसं शालिकरामनं बाजेवर अंग टाकलं ते टाकलंच. सातासमुद्रापलीकडे लढाई चालू होती, तिकडचा कापूस अडला होता, तोवर अमरावतीचे दलाल त्याच्या ओट्यावर येऊन हातापाया पडत. हा नाही म्हणे, ते भाव चढवत. हा पुन्हा नाही म्हणे. तिसऱ्या खेपेला मान हलवायची, अशी ऐट. लढाई संपली, दलाल यायचे थांबले, आणि या शहाण्याला वाटलं, मान गेला तो आपलाच गेला.

त्यात त्याची माय गेली. दिवसातून दहादा "माह्या शालिकसारखा कोणी नाही" म्हणणारं तेवढं एकच तोंड उरलं होतं. तो रडला नाही. मयतीला माणसं किती होती ते विचारलं, आणि कमी होती म्हणून दोन दिवस जेवला नाही. मनकर्णा म्हणाली, मायसाठी रडून घ्या, हलकं वाटेल.

"मले काही होऊनच नाही राहिलं," तो म्हणाला.

खोटं बोलत नव्हता बिचारा. आत काय दुखतं ते त्याचं त्यालाच उमजत नव्हतं.

तेराव्याला मनकर्णेचा भाऊ जानराव हिवरखेडहून दुखवटा घेऊन आला. सासुरवाडीनं पागोटं बांधलं की शोक फिटतो, माणूस कामाला लागतो. तिनं सगळी आस त्या पागोट्यावर ठेवली होती. पांढरं, साधं, दुखवट्याचं असतं तसंच.

चार गावची माणसं बसली होती. जानरावनं पागोटं उचललं, तसा शालिकरामनं हात आडवा धरला.

"असं तं माह्या सालदार गड्याच्या डोक्यावर असते. वापस ने."

मनकर्णेनं तो सूर ओळखला. हा दलालांशी बोलत होता. आता जानरावनं हात जोडायचे, दुसरं आणतो म्हणायचं, मग यानं डोकं पुढं करायचं. पण जानराव काही कापूस घ्यायला आला नव्हता. ती मधे पडली, दोघांनाही विनवलं. भावानं पागोट्याची घडी घातली.

"बाई, तुह्या घरचं पाणी पेलो, हे शेवटचं," म्हणाला आणि गाडी जुंपली.

माणसं पांगली. ती चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली, तेव्हा शालिकराम आत आला. तिला वाटलं, आता तरी हा आपल्याकडे बघेल.

"कुठवर गेला असन तो?"

"वेशीपाशी."

"अजून एकदा तरी म्हणाले पाहिजे होतं त्यानं." तो दाराकडे पाहत होता. "येईन ना तो वापस?"

"नाही येणार. तुमीच जा मागं. गाठसान अजून. माहं माहेर तुटून राहिलं, जा."

तो उठला. दारापर्यंत गेला, चौकटीला हात लावून उभा राहिला. गाडीची धूळ खाली बसली तरी उभाच.

"मागं गेलो तं लोक पाहतीन," असं पुटपुटत तो तिथंच उंबऱ्यावर बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. मायसाठी, की पागोट्यासाठी, कोण जाणे.

एरवी मनकर्णा धावून गेली असती. आज ती जागची हलली नाही. तिचं स्वतःचं रडायचं राहिलं होतं.