सलीम पेंटरचे एकशे बारा 'र'

जुन्या जालन्यात तीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले अन् माझे ब्रश वाळले. परवा अंबडला लग्नाचा फ्लेक्स पाह्यला अन् डोकंच फिरलं. अक्षर माझं! घरी येऊन ओरडलो, "चोर कोण?"

"मीच," माझी पोरगी कहकशा हसली. "अब्बा, तुमच्या पाट्यांवरून कॉम्प्युटरचा फॉन्ट केला. नाव ठेवलं, सलीम पेंटर."

छाती फुगली, पण मी भडकलोच. "बिलकुल चूक! सगळे 'र' एकसारखे! जिंदगीत मी दोन 'र' सारखे काढले न्हाईत."

"मंग काढून द्या."

थिनरमध्ये ब्रश भिजवला. सकाळपासून काढून राह्यलो. एकशे बारा झाले, सगळे निराळे.

"अब्बा, बस! बाकीची अक्षरं कधी?"

"जल्दी काय? दुकान आजच उघडलंय."