तिसऱ्या मजल्यावरची दारं

तिसऱ्या मजल्यावर अठ्ठावीस दारं होती. दोन न्हाणीघरांची, एक कपडे धुण्याच्या खोलीचं, उरलेली पंचवीस आम्हा विद्यार्थ्यांची. संध्याकाळी त्यांतली चोवीस सताड उघडी असत, खाली लाकडी पाचर सरकवलेली. बंद असे ते माझं.

हा मजला मी स्वतः निवडला होता. विद्यापीठात पहिल्या वर्षी कुठे राहायचं याचे चार पर्याय होते: डोंगर भटकणाऱ्यांचं घर, कलावंतांचं घर, शांतता पाळणाऱ्यांचं घर आणि इंजिनिअरिंगवाल्यांचा मजला. मी प्रत्येकाला गुण दिले, कुठल्या निकषाला किती वजन ते ठरवलं, बेरजा केल्या. भटक्यांचं घर अर्ध्या गुणाने पुढे आलं, तेव्हा वजनं बदलली. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या आमच्या शेतापासून सगळ्यात जवळचं घर सहा किलोमीटरवर होतं. मला भिंतीपलीकडे माणूस हवं होतं. अडलेलं गणित घेऊन ज्याच्याकडे जाता येईल असं.

आई म्हणाली होती, "आकडे पुरे झाले. तिथे गेल्यावर तोंड उघडशील ना, लारिसा?"

"मजलाच तसा आहे, आई. सगळे एकाच वर्गातले."

"कोठारातले दाणेही एकाच शेतातले असतात. त्यांची काय मैत्री होते?"

सप्टेंबर संपला तरी माझ्या खोलीत कोणी आलं नव्हतं. भिंतीपलीकडून हसणं ऐकू येई, पिझ्झाचा वास येई. कुणाच्या तरी खोलीत जमिनीवर बसून सगळे मिळून अभ्यास करत. मला ते दुसऱ्या दिवशी वर्गात कळे. मी उदाहरणं एकटीच सोडवत होते, आणि उत्तर चुकलं तर कुठे चुकलं हे विचारायला कोणी नव्हतं.

खोली बदलून मागायची मुदत शुक्रवारी पाच वाजता संपत होती. नदीपलीकडच्या जुन्या वसतिगृहात जागा होती. तिथे कुणीच कुणाला ओळखत नाही, असं सगळे म्हणत. तिथे एकटं असण्याला निदान कारण तरी असतं. अर्ज लॅपटॉपवर तयार होता, फक्त पाठवायचा होता.

शुक्रवारी साडेचारच्या सुमारास दार वाजलं. समोरच्या खोलीतली नोएमी, हातात मोबाईल.

"भौतिकीच्या तासासाठी मजल्यावरचा आवाज मोजतोय. तुझी एकच खोली राहिलीय. कोणी यायचं म्हणून नाणं उडवलं. मी हरले."

"हरलीस?"

"बंद दार वाजवायचं नाही, बाईसाहेब. बंद म्हणजे मला एकटीला सोडा."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? आणि तू तर जाता-येता आमचीही दारं लावतेस! माझं तर कितीदा. तुझ्या शेजारचा रॉरी म्हणतो, महाराणींना आपल्या हसण्याचा त्रास होतो."

लावत होते, खरं. आमच्याकडे जानेवारीत उणे पस्तीस असतं. उघडं दार म्हणजे कोणीतरी विसरलेलं दार; दिसलं की पाचर काढून ते लावायला हात आपोआप जातो.

"ऊब बाहेर जाते ना," मी म्हणाले.

नोएमी बघतच राहिली. "म्हणजे तू आमची ऊब राखत होतीस?"

"हो."

"अगं देवा! हे रॉरीला सांगणार मी."

"नको."

"सांगणारच."

तिने मोबाईल टेबलावर ठेवला, दार ओढलं, तोंडावर बोट ठेवलं. आम्ही दोघी काही क्षण श्वास रोखून उभ्या राहिलो. तिने आकडा मला दाखवून टिपला.

"आता दार उघडं ठेवून एक हवाय. मला प्रयोगशाळेत पळायचंय. तुझ्या फोनवर तूच मोज आणि पाठव."

ती गेली. दार तिने उघडंच टाकलं होतं. ते हळूहळू आपोआप मिटू लागलं. माझ्याकडे पाचर नव्हती. मी फटीत बूट घातला.

बाहेर कुणाची तरी खुर्ची सरकली. कपडे धुण्याचं यंत्र फिरत होतं. एक मुलगा दारावरून गेला, त्याने आत पाहिलं नाही. दुसरी गेली, तिने पाहिलं, पण थांबली नाही. लॅपटॉपवर अर्ज उघडा होता. मी खुर्ची दाराच्या बाजूला वळवली आणि बसून राहिले.

पाच वाजून गेल्यावर पाठवायचं बटण फिकं झालं. मग मी फोन हातात घेतला आणि मोजलं.

दार बंद: एकतीस डेसिबल. दार उघडं: सेहेचाळीस.