हलक्या हाताचा गुन्हा

मामांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून ते अशी बसवत, की स्प्रिंगलाही पत्ता लागू नये. दुकान बंद करून दोन वर्षं झाली तरी हात शिवशिवत. घरातला मिक्सर उघडून झाला होता. दाराची बेल उघडून झाली होती. ती तेव्हापासून खोकल्यासारखी वाजे. उरला होता मामींचा कॉम्प्युटर, आणि त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

त्या सकाळी साडेदहाला मामींनी बटण दाबलं. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, पण पडदा काळा तो काळाच. आतून नुसती टूं... टूं... अशी लांबलचक शिटी यायला लागली.

मामींनी बटण बंद करून पुन्हा दाबलं. तीच शिटी. त्यांचं पहिलंवहिलं रेडिओनाटक बारा वाजता रेकॉर्ड व्हायचं होतं. नट स्टुडिओत येऊन बसले होते. चार प्रवेश त्यांच्या हातात होते. पाचवा, ज्यात हाराचा चोर सापडतो, तो मामींनी काल दुपारी नव्याने लिहिला होता आणि तो फक्त या डब्यात होता. साडेअकरापर्यंत तो आला नाही, तर दुसऱ्या कुणाचं नाटक घेऊ, असं दिग्दर्शकबाईंनी गोड आवाजात बजावलं होतं.

मामांनी डब्यावरची नजर हळूच भिंतीकडे वळवली. काल संध्याकाळी मामी बाजारात गेल्या, तेव्हा त्यांनी डब्याचं झाकण उघडलं होतं. फक्त बघायला. मग बघता बघता मेमरीच्या दोन पट्ट्या काढून घड्याळाच्या ब्रशने साफ केल्या आणि तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तशा अलगद परत ठेवल्या. झाकणाचे स्क्रू तर पहिल्यापेक्षाही सरळ बसवले होते.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भाच्याला फोन लागला. त्याने वायरी तपासायला लावल्या, पेन ड्राइव्ह काढायला लावला, प्लग बदलायला लावला. मामा प्रत्येक कामाला इतक्या उत्साहाने धावले, की मामींना संशय यायला हवा होता. शेवटी भाच्याने विचारलं, आत कुणी हात घातलाय का?

"छे," मामा म्हणाले. "कोण घालणार?"

मग मोठंच काही गेलं असणार, भाचा म्हणाला. दुकानात आणा, दोन दिवस लागतील.

मामी खुर्चीत बसल्या. मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा. जन्मात पहिल्यांदाच ते घड्याळ बंद पडावं असं त्यांना वाटलं.

"काल मी जरा धूळ काढली," ते फोनला म्हणाले. मामींकडे बघून बोलायची छाती नव्हती.

"जरा म्हणजे किती, मामा?"

"पट्ट्या काढून."

भाचा बराच वेळ हसला. मग म्हणाला, प्लग काढा, झाकण उघडा आणि दोन्ही टोकांचे चाप आपोआप मिटेपर्यंत पट्टी दाबा. मामांनी दाबली. डबा सुरू केला. टूं. प्लग काढून पुन्हा दाबली. पुन्हा टूं.

"अहो मामा, जोर लावा."

"मोडेल रे. नाजूक वस्तू आहे."

"सरका," मामी म्हणाल्या.

मामींनी इस्पितळात तीस वर्षं लोकांच्या आखडलेल्या पाठी सरळ केल्या होत्या. त्यांच्या टेबलावर भलेभले पैलवान आईच्या नावाने ओरडले होते. त्यांनी स्वतः प्लग काढला आणि दोन्ही अंगठे पट्टीवर रोवले. मामांनी डोळे मिटून घेतले.

टक्. टक्.

दुसरी पट्टी. टक्. टक्.

बटण दाबलं. एकच छोटीशी शिटी, आणि पडदा उजळला. मामांनी आनंदाने टाळी वाजवली. मामींच्या नजरेने तिचा आवाज मध्येच विरला. फाइल उघडली, आणि अकरा अठ्ठावीसला पाचवा प्रवेश रवाना झाला.

चोर कोण, हे मामी सहा महिने सांगत नव्हत्या. मामांनी हळूच त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं. चोर निघाला शेजारचा घड्याळवाला.

"अगं, हा मी?"

"तो शेवटच्या पानापर्यंत कबूल होत नाही," मामी म्हणाल्या. "तुम्ही निदान वीस मिनिटं आधी झालात."

आपल्यावर नाटक आलंय, हे मामांनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगितलं. मामींनी मात्र नाटक लागेपर्यंत घरातला रेडिओ कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली.