तळच्या थराची कोलांटी

आमचे भावोजी बाळा घाडीगावकर यांनी अठरा वर्षे दहीहंडी फोडली आणि एकदाही ती फुटताना पाहिली नाही. हे विधान ऐकून लोक हसतात, पण ते शब्दशः खरे आहे. जोगेश्वरीच्या ज्या गोविंदा पथकात ते होते, त्याच्या सर्वांत खालच्या थरात त्यांची जागा ठरलेली होती, आणि तळच्या थराला नियम एकच: मान खाली. खालच्याने वर पाहिले की त्याचा खांदा हलतो, आणि तो हलला की वरचे सगळे थर कोसळतात. म्हणून डोक्यावर दही सांडले की हंडी फुटली असे भावोजींनी समजायचे, आणि घरी परतताना शेजारच्याला विचारायचे, की फुटली तेव्हा कशी दिसली. अठरा वर्षांत त्यांना याची अठरा उत्तरे मिळाली, आणि त्यांतली दोनसुद्धा एकमेकांशी जुळत नव्हती.

गेल्या वर्षी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, पथकाने त्यांना शाल आणि नारळ देऊन निवृत्त केले. पोटापाण्यासाठी ते लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणजे तेथेही वर पाठवायचे ते दुसऱ्यांनाच, हा मुद्दा मी एकदा मांडला होता. त्यांनी तो खोडून काढला नाही, याचेच मला वाईट वाटले.

जानेवारीत विक्रोळीच्या एका इमारतीत लिफ्ट दुरुस्त करताना त्यांना जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळलेले एक धूड दिसले. ती पाण्यावर उभ्याने चालवायची जेटस्की होती. तिला आसन नसते. मागच्या खोलगट भागात पाय रोवायचे, पुढचा दांडा धरायचा आणि सुटायचे. मालकीण संघमित्रा कांबळे ही कारखान्यात इंजिनियर असलेली सव्वीस वर्षांची मुलगी. दर रविवारी गोराईच्या समुद्रावर ती या मशीनसकट हवेत मागच्या मागे पूर्ण कोलांटी घेत असे. तिने मोबाइलवर चित्रफीत दाखवली. भावोजींनी ती तीनदा पाहिली आणि विचारले, वर उलटं असताना काय दिसतं.

"सगळं," ती म्हणाली.

या एका शब्दाने आमच्या घरातल्या पाच महिन्यांची वाट लावली.

कोलांटी शिकवायला घेण्याआधी संघमित्राने भावोजींना पोहायला लावून पाहिले. मालवणच्या खाडीत वाढलेल्या माणसाला त्यात काही कठीण नव्हते. मग मात्र तिने वय, मानपान, काहीच पाहिले नाही. पाठ तसा सोपा होता. लाटेवर चढायचे, मशीनचे नाक आकाशाकडे गेले की दांडा छातीशी ओढायचा, अंगठ्याखालचा वेगाचा खटका दाबूनच ठेवायचा, आणि डोके मागे फेकून पाठीमागचे पाणी शोधायचे. डोके जिकडे जाते तिकडे धड जाते, आणि धडामागून मशीन. हा प्रकार ती बॅकफ्लिप म्हणे. मी 'उलटी कोलांटी' हा शब्द सुचवला आणि त्याच्या बाजूने चार मुद्दे मांडले. भावोजी म्हणाले, समुद्राचं पाणी पोटात गेल्यामुळे त्यातली उलटी दोनदा झालेली आहे, आता फक्त कोलांटी बाकी आहे.

ती बाकीच राहिली. भावोजी पाठीवर पडले, कुशीवर पडले. एकदा तर मांडी घालून बसलेल्या स्थितीत पाण्यावर आले, जणू कोणी खाली पाट मांडून ठेवला होता. मशीन सरळ उभे राही, क्षणभर विचार केल्यासारखे थांबे आणि आल्या वाटेने खाली येई. प्रत्येक वेळी ते पाण्यातून हसत बाहेर निघत, आणि काठावर त्यांची बायको, म्हणजे माझी बहीण अक्षता, डोळ्यांवरचा हात काढून विचारी, झालं का. मे उजाडला. महिनाअखेरीस पावसाळ्यासाठी पाण्यातले खेळ बंद होणार होते आणि जूनमध्ये संघमित्राची चेन्नईला बदली होती. मशीन तिच्याबरोबर जाणार. शेवटचा रविवार हातात उरला. त्या दिवशी कोलांटी झाली नाही, तर ती कायमची राहिली, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

शनिवारी संध्याकाळी संघमित्रा जोगेश्वरीला घरी आली आणि भावोजींचे पडणे तिने आम्हाला संथ गतीने दाखवले. मी दोष लाटेच्या उंचीला दिला. तिने तो माझ्या बोलण्याला दिला, कारण मी किनाऱ्यावरून ओरडून सूचना करतो म्हणे. आमचा वाद ऐन रंगात असताना अक्षता कोलंबी सोलता सोलता उठली, ओले हात मागे धरून मोबाइलवर वाकली आणि म्हणाली, "हे थरात उभे आहेत."

आम्ही पुन्हा पाहिले. मशीन आकाशाकडे झेपावते, दांडा छातीशी येतो, सगळे बिनचूक. आणि नेमक्या त्या क्षणी भावोजींची हनुवटी छातीला चिकटते, खांदे रुंद होतात, पाय घट्ट रोवले जातात. वरच्या रिकाम्या आकाशाचा भार ते इमानाने पेलत होते.

संघमित्रा म्हणाली, "दादा, मी पाच महिने ओरडतेय ना, मान मागे टाक. ऐकू येत नाही का?"

"येतं ना. पण भार आला की मान आपोआप खालीच जाते."

त्यावर अक्षताने पुढे जे विचारले, ते आमच्यापैकी कोणालाही सुचले नसते. पथकात मान वर करायची परवानगी कधी मिळते? भावोजी म्हणाले, सगळे उतरल्यावर मास्तर लांब शिट्टी मारतात, तेव्हा. तिने हात धुतले आणि ती चाळीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या धोंडिराम मास्तरांकडे गेली. तीस वर्षे गळ्यातून न उतरलेली शिट्टी देण्यापूर्वी मास्तरांनी किती थर लागणार आहेत एवढेच विचारले. एकच, असे ती म्हणाली. एका थराला शिट्टी कशाला, असे पुटपुटत त्यांनी ती दिली.

रविवारी ओहोटी संपत आली असताना आम्ही गोराईला पोहोचलो. पहिल्या प्रयत्नात अक्षताने शिट्टी फार लवकर मारली आणि लाट येण्यापूर्वीच भावोजींनी आज्ञाधारकपणे आकाशाकडे पाहिले; मशीन एकटेच पुढे निघून गेले. दुसऱ्या वेळी तिला इतके हसू येत होते, की शिट्टीतून नुसती हवा निघाली. संघमित्राने पेट्रोल तपासले आणि आता एकदाच, असे सांगितले.

तिसरी लाट बरी होती. भावोजी तिच्यावर चढले, नाक आकाशाकडे गेले, दांडा छातीशी आला, हनुवटी सवयीने खाली निघाली, आणि त्याच क्षणी अक्षताने फुप्फुसांतली सगळी हवा त्या शिट्टीत ओतली. इंजिनाचा आवाज भेदून ती गेली. भावोजींची मान मागे फेकली गेली. अठरा वर्षांचा भार एकदम उतरल्यावर माणूस ज्या वेगाने मोकळा होतो त्या वेगाने ते फिरले. मशीनचा काळा तळ सूर्याकडे झाला, दोन पाय आभाळाला लागल्यासारखे दिसले, पाण्याची एक लांब कमान त्यांच्यामागून फिरली, आणि धप्पकन आवाज करून मशीन सरळ पाण्यावर बसले. त्याच्या खोलगट भागात, दांडा धरून, गुडघ्यांवर, आमचे भावोजी होते.

ते काठाला येईपर्यंत संघमित्रा नाचत होती; आल्यावर तिला नियम आठवला. पायांवर उतरायला हवं होतं, ती म्हणाली. मी म्हणालो, मशीन खाली आणि माणूस वर, एवढीच अट होती, गुडघा हा पायाचाच भाग आहे. ती म्हणाली, स्पर्धेत मोजत नाहीत. मी म्हणालो, ही स्पर्धा नाही. भावोजींचे आमच्याकडे लक्ष नव्हते. ते मान मागे टाकून तसेच निथळत उभे होते.

"काय दिसलं?" अक्षताने विचारले.

फार आनंद झाला की ते गावच्या बोलीत शिरतात. "वर बघलंय, तर वर दर्या. तू डोक्यार उभी. तोंडातली शिट्टी पडली नि तुका हसू फुटला." मग ते म्हणाले, "फुटताना बघलंय मी."

एवढ्या अंतरावरून, हवेत उलटे असताना, हे दिसणे शक्य नाही, हा मुद्दा माझ्या ओठांवर आला होता. मी तो मांडला नाही. अक्षताने वाळूतून शिट्टी उचलली, फुंकून साफ केली. संघमित्राने टाकीत पुन्हा डोकावून, एखादी फेरी होईल, असे सांगितले. आणि तिचे वाक्य पुरे होण्याआधीच भावोजी गुडघाभर पाण्यात पोहोचले होते.