मुंगी न लागलेला कोपरा

मी एक जुना स्टीलचा ट्रे आहे. वितीहून थोडा मोठा, चौकोनी, चार बोटं खोल. मित्रांनो, तुमच्या घरातल्या ताटवाट्यांशी माझं नातं जोडू नका. मी स्वयंपाकघरासाठी जन्मलो नव्हतो. हे मी पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण माझ्या सगळ्या गोष्टीत एवढंच कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

माझा पत्रा कापला, चारही कोपरे दुमडले आणि वरून हातोडी मारली. चांगला कारागीर कोपऱ्याची फट बुजवून टाकतो. माझ्या कारागिराला घाई होती. त्याने नुसती घडी घातली. त्या घडीत सुरीचं टोक शिरणार नाही, पण पावडर शिरते.

तिथून मी बिरवाडीजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात आलो. तिथे एक पिवळी पावडर बनत असे. तिचा नमुना माझ्यात पसरायचा, मला गरम कपाटात ठेवायचं आणि पावडर वाळली की काढून घ्यायची, एवढंच माझं काम. मला हात लावणारा प्रत्येक माणूस हातमोजे घालायचा, तोंडाला फडकं बांधायचा. तरी त्यांची नखं पिवळी होतच. घरी जाऊन साबणाने कितीही घासली तरी तो रंग निघत नसे. अशी नऊ वर्षं मी काढली. मला कोणी कधी चांगलं म्हटलं नाही आणि वाईटही म्हटलं नाही. मग एकदा माझ्यावर लोखंडी दांडा पडला, एक बाजू चेपली, आणि मला शेडच्या मागे ढिगात टाकून दिलं. त्या ढिगातले ट्रे चेचून मोडायचे, असा तिथला नियम होता. पण मोडणारा आला नाही. पावसाळा आला आणि गेला.

त्या ढिगातून मला उचललं ते विनीतने. तो त्याच कारखान्यात ठेकेदाराचा कामगार होता. वरंधकडच्या एका वाडीतला मुलगा, लग्नाला दोन वर्षं झालेली, बिरवाडीत एका खोलीत भाड्याने राहायचा. त्याच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्याच्या बायकोला, रेश्माला, केक करायचा नाद लागला होता.

ती, शेजारच्या खोलीतली निशिगंधा आणि घरमालकांची सून तेजश्री, अशा तिघी दर रविवारी दुपारी जमायच्या. मोबाईलवर बघून काहीतरी नवीन करायचं आणि तिघींनी मिळून खायचं, मग ते जमो की बिघडो. निशिगंधाने एकदा भाकरीवर कांदा, टोमॅटो आणि चीज घालून पिझ्झा केला, तो तिच्या नवऱ्याने, राजूने, चहात बुडवून खाल्ला. त्यावर तिघी महिनाभर हसल्या. भट्टी कोणाकडेच नव्हती. तेजश्री सासरचा लग्नकार्यातला मोठा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, टोप आणायची. त्यात तळाला मीठ, वर लोखंडी कडं, कड्यावर केकचं भांडं, झाकणावर जड वरवंटा. पण रेश्माकडे होतं वाकडंतिकडं पातेलं. केक कधी खाली लागायचा, कधी मोडून निघायचा.

"हा केक नाय गो," तेजश्री म्हणाली होती, "चमच्यानं खायचा शिरा हाय."

रेश्मा हसली, पण तिला ते लागलं. विनीतने ते पाहिलं. चारच दिवसांनी त्याला मी दिसलो. पिशवीत घालून त्याने मला बाहेर काढलं, चेपलेली बाजू ठोकून सरळ केली, एका हातपंपाखाली राखेने घासलं, चिंचेने घासलं, शेवटचं पाणी ओंजळीत धरून उजेडात पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. महाडच्या दुकानात मिळाला, असं त्याने घरी सांगितलं.

मित्रांनो, मला त्या दिवशी किती आनंद झाला म्हणून सांगू! नऊ वर्षांत पहिल्यांदा मला उघड्या हाताने कोणीतरी धरलं. रेश्माने मला तूप लावलं. नाचणीचं पीठ, गूळ आणि आंबट ताक घातलेलं मिश्रण माझ्यात ओतलं. पाऊण तासाने केक अख्खा सुटला, चारही कडा शाबूत. तेजश्रीने माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मी अजून विसरलो नाही.

पण मला ठाऊक होतं. माझ्या कोपऱ्यांच्या घडीत काय दडलं आहे ते मला ठाऊक होतं. ताक तिथे शिरलं आणि आच लागली, तसं ते सुटू लागलं. नाचणीचा रंग काळसर, त्यात पिवळं दिसतंय कुठे! मला तोंड नाही. तूप जास्त लागलं की मी थोडा घसरतो, एवढंच मला येतं. एकदा रेश्माच्या हातून मी घसरून खाली पडलोही. तिने मला उचललं, पुसलं आणि पुन्हा तूप लावलं.

निशिगंधाला तेव्हा चौथा महिना होता. तिला केकचे कडक झालेले कोपरेच आवडायचे. पोटुशी बाईला पहिला घास द्यायचा, म्हणून चारही कोपरे तिच्या ताटलीत जायचे. "कोपरे माझे," असं ती आधीच सांगून ठेवायची. असे पाच रविवार गेले.

सहाव्या रविवारी त्यांनी तांदळाच्या पिठाचा आणि ओल्या नारळाचा केक केला. पांढराशुभ्र केक निघाला आणि त्याचे चारही कोपरे पिवळे.

"हळद घातलीस काय गो?" तेजश्रीने विचारलं.

भाजल्यामुळे रंग आला असेल, असं रेश्मा म्हणाली. विनीत त्याच वेळी पहिल्या पाळीवरून आला होता आणि दारात चपला काढत होता. त्याने केककडे पाहिलं. मग स्वतःच्या नखांकडे पाहिलं. तो रंग त्याने ओळखला, हे मला कळलं, कारण आम्ही दोघं एकाच घरचे होतो. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात रेश्माने निशिगंधाच्या हातावर कोपरा ठेवला. निशिगंधाने तो खाल्ला आणि डोळे मिटून मान डोलावली. विनीतने तोंड मिटलं. त्याला दिलेला तुकडा त्याने "मागाहून खातो" म्हणून बाजूला ठेवला आणि नंतर गुपचूप केराच्या डब्यात टाकला.

त्या रात्री तो रेश्माला म्हणाला की आपण नवीन भांडं आणू. ती म्हणाली, ह्याच्यात एकदासुद्धा केक चिकटला नाही, नवं कशाला? त्याने मला माळ्यावर गोधड्यांच्या मागे सारलं. पुढच्या रविवारी तिने मला दोन मिनिटांत शोधून काढलं. केळ्यांचा केक झाला. त्याही दिवशी तो बोलला नाही. बोलायला गेलं तर ट्रे कुठून आणला हे सांगावं लागणार, कारखान्यातून न विचारता वस्तू उचलली हे निघणार, आणि काम जाणार. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बायकोच्या हाताचं कौतुक एका वाक्यात विष होऊन जाणार. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनीतची आई, ठकूबाई, वाडीवरून आली. डोक्यावर नाचणीच्या पिठाची पिशवी, हातात आमसुलांची पुडी. केक म्हणजे काय नवल, असं ती सुनेला म्हणाली. म्हणे, आम्ही काकडी किसून, गूळ घालून, टोपाच्या खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून धोंडस करायचो, तेव्हा तुमचा मोबाईल कुठे होता? रेश्मा चहा ठेवत होती. मी मोरीपाशी न घासलेला पडलो होतो, आत केकचा चुरा.

म्हातारी हात धुवायला वाकली आणि तशीच वाकून राहिली.

"रेश्मा, ह्या भांड्याला मुंगी का लागत नाय गो?"

मुंग्या होत्या. मधल्या चुऱ्यावर काळी रीघ लागली होती. पण कोपऱ्यांत एवढा चुरा पडलेला असून तिकडे एकही नव्हती.

"त्यांना पण केक आवडत नसेल, आई. तुमच्यासारखंच," रेश्मा म्हणाली.

ठकूबाई हसली नाही. तिने गुळाचा खडा फोडला आणि त्याचा तुकडा माझ्या कोपऱ्यात ठेवला. मग पाट ओढून समोर बसली. मुंग्या आल्या, कोपऱ्यापासून बोटभर अंतरावर थांबल्या, मिशा हलवल्या आणि माघारी फिरल्या. विनीत कामावर निघायच्या तयारीत होता. डबा हातात तसाच धरून तो उभा राहिला.

"गुळाला मुंगी लागत नाय, असं मी जन्मात बघितलं नाय," ठकूबाई म्हणाली. "विनीत, ह्यो कुठचा?"

विनीतने डबा खाली ठेवला.

"कंपनीतला हाय," तो म्हणाला.

रेश्माने गॅस बंद केला. महाडच्या दुकानातला म्हणाला होतात, असं ती म्हणाली नाही. तिने एवढंच विचारलं, "कोपरे सगळे निशिगंधा खाते, पोटुशी आहे ती. तुम्हाला कधी कळलं?"

"नारळाचा केला ना, त्या दिवशी." मग तो घाईघाईने बोलू लागला. "मला वाटलं, एवढ्याशानं काय होतंय. आमी तर रोज त्याच्यात असतो."

"तू असतोस," ठकूबाई म्हणाली. "तिच्या पोटातलं नसतं."

त्या दिवशी विनीत कामावर गेला नाही. रेश्माने मला पिशवीत घातलं आणि तिघंही शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. बोलायचं विनीतनेच, असं म्हातारीने बजावलं होतं. तो बोलला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलला, मधे काही गाळलं नाही. राजू अंगावर धावून आला, तेव्हा तो मागे सरला नाही. निशिगंधा भिंतीला टेकून खाली बसली. दोन्ही हात पोटावर होते.

"माझ्या हातात कोपरा ठेवला, तेव्हा तुम्ही दारात होता ना, भावजी?"

विनीतने मान हलवून हो म्हटलं.

निशिगंधाला दाखवायला नेलं, तेव्हा महाडच्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट विचारली, पावडरचं नाव काय? नावाशिवाय ते कोणत्या तपासण्या करायच्या ते ठरवू शकत नव्हते. विनीतला नाव ठाऊक नव्हतं. कामगारांना ती पिवळी म्हणूनच माहीत होती. तो तसाच कारखान्यात गेला, साहेबांपुढे उभा राहिला, ट्रे मी नेला असं म्हणाला आणि नाव मागितलं. कागदावर नाव मिळालं. उद्यापासून येऊ नको, हेही मिळालं. कागद घेऊन तो धावपळ करत महाडला परत आला. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. आत्ता तरी काही दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढचं पुढे कळेल, आणि कदाचित सगळं कधीच कळणार नाही, असंही ते म्हणाले.

निशिगंधा बाळंतपणाला पोलादपूरच्या वर डोंगरात माहेरी निघून गेली. जाताना तिने रेश्माच्या खोलीकडे पाहिलं नाही. रविवार बंद झाले. तेजश्रीने टोप नेला तो परत आणला नाही.

भंगारवाला मला मागत होता. ठकूबाईने दिलं नाही. "परत कोणच्या तरी चुलीवर जायाचा," ती म्हणाली. तिने छिन्नी मागवली. विनीतने मला धरलं आणि तिने माझ्या तळाला एकामागून एक सात भोकं पाडली. भांड्याला भोक पडणं म्हणजे मरण. पण खरं सांगतो, मला हलकं वाटलं. मग विनीतने मला दाराबाहेरच्या खिळ्याला टांगलं. येणारेजाणारे विचारतात, हे काय लावलंय? तो आता हायवेवरच्या गॅरेजात काम करतो, हात ग्रीसने काळे असतात. पण प्रत्येक वेळी थांबतो आणि सगळं सांगतो. स्वतःची बाजू घेत नाही.

दिवाळीच्या सुमाराला निशिगंधाला मुलगी झाली. वजन कमी होतं. दर महिन्याला तिला दवाखान्यात न्यावं लागतं. मायलेकी बिरवाडीत परत आल्या तरी मधली भिंत तशीच राहिली. रेश्माने बारशाला अंगडं पाठवलं. ते परत आलं नाही, एवढंच.

मग परवा, सकाळी दहाच्या सुमाराला, निशिगंधा मुलीला कडेवर घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या भोकांकडे तिने बराच वेळ पाहिलं. रेश्मा आतून दारात आली आणि तिथेच थांबली. पुढे यायचं तिला धाडस होईना.

"पोरीचं उष्टावण हाय सोमवारी," निशिगंधा म्हणाली. "खीर तू कर. तुझ्या हातची चव मला माहीत हाय." मग पोरीला कडेवर सावरत म्हणाली, "टोप मी आणीन. वाटी पण माझीच."

रेश्माने पदर तोंडाला लावला आणि होकाराची मान डोलावली.

मित्रांनो, निशिगंधाचं काही चुकलं नाही. तुम्हीही असंच विचारा. घरात येणारं भांडं कितीही चकचकीत असो, ते कुठून आलं आणि आधी त्यात काय होतं, हे आणणाऱ्याला विचारा. आणि आणणारे तुम्हीच असाल, आणि तुमच्या लक्षात चूक आली असेल, तर पुढच्या रविवारची वाट पाहू नका. समोरच्याचा हात तोंडापर्यंत जायच्या आत बोला. माझ्यासारख्या पत्र्याला तोंड नसतं. तुम्हाला आहे.