चहा सांडला हे खरं आहे

सासूबाई खरं बोलल्या नसत्या, तर हे प्रकरण एका दुपारीत मिटलं असतं. पण खरं बोलायची खोड त्यांना जन्मजात. भाजीवाल्याने चुकून एक लिंबू जास्त टाकलं, तरी तेवढ्यासाठी चार जिने पुन्हा उतरून जाणारी बाई. अशा माणसाचं कौतुक लांबून करावं, एका घरात राहून करायला फार जड जातं.

त्यांचं भरतकामाचं मशीन बंद पडलं. साधं शिलाई मशीन नव्हे. पडद्यावर नक्षी निवडायची, बटण दाबायचं आणि सुई आपली आपण भरत जायची, असलं. साठी उलटल्यावर त्या ते शिकल्या होत्या, आणि आता तीन शाळांच्या गणवेशांवरचे बिल्ले त्यांच्याकडून जात होते. शाळा सुरू व्हायला बारा दिवस, एकशे ऐंशी बिल्ले बाकी, आणि मशीनने मान टाकली. वॉरंटी संपायला अजून दोन महिने होते.

बरं, सून घरातच. तीही त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये टेक्निशियन. दुसरी कोणी असती तर आधी सुनेला हाक मारली असती. सासूबाईंनी वॉरंटी कार्डाच्या मागचा नंबर फिरवला. फोनवरच्या मुलीने विचारलं, मशीनवर काही सांडलं होतं का?

"हो तर. चहा," सासूबाई म्हणाल्या. "परवा. चांगला अर्धा कप. माझीच चूक."

झालं. फोन रेकॉर्ड होत होता. संध्याकाळी मेसेज आला : वापरणाऱ्याची चूक, वॉरंटी लागू नाही.

"अहो आई, मला आधी विचारायचं तरी!" सून कामावरून येऊन पर्स खाली ठेवते न ठेवते तोच तिला हे कळलं.

"तुला काय विचारायचं? चहा सांडला की नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं का?"

कपाळ! सून तडक स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जास्तच आपटून लावली.

दुसऱ्या दिवशी ती मशीन सोबत सेंटरवर घेऊन गेली आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्या टेबलावर खोललं. चहा होता. खालच्या ट्रेमध्ये वाळून चिकट झालेला, त्यात दोऱ्यांचा भुगा. पण ट्रेच्या वर एक थेंब पोचला नव्हता. सर्किट बोर्ड कोरा करकरीत. मग तिने भिंग खाली ओढलं आणि वायर जिथे मशीनमध्ये खोचतात त्या सॉकेटच्या पिना बघितल्या. मधल्या पिनेभोवती केसाएवढा गोल तडा. पिन बोर्डाला धरून ठेवणारं सोल्डर मुळातच कच्चं बसलेलं, वापरता वापरता सुटलेलं.

चहाचा आणि मशीन मरण्याचा काडीचा संबंध नव्हता. तिला आनंद व्हायला हवा होता. पण हा तडा तिच्या ओळखीचा होता. याच मॉडेलमध्ये, याच पिनेला, वर्षभरात तिने तो नऊ वेळा बघितला होता.

पहिल्या वेळी ती साहेबांकडे गेली होती. साहेब म्हणजे सेंटरचे मॅनेजर, आवाज न चढवता माणसाला गप्प करणारे. ते म्हणाले होते, "वायर ओढल्याशिवाय सॉकेट हलत नाही. वायर कोण ओढतं? गिऱ्हाईक." फॉर्मवर 'कारण' म्हणून दोनच चौकोन होते : उत्पादनातील दोष आणि वापरणाऱ्याची चूक. तिने दुसऱ्यात खूण केली. दुसऱ्या वेळी विचारलं नाही. नवव्या वेळेपर्यंत तर भिंग खाली ओढायच्या आधीच हात त्या चौकोनाकडे जात होता. प्रत्येक फॉर्मखाली सही तिची.

आज मात्र मशीन घरचं होतं. ती तड्याचे फोटो काढून साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"चहाने गेलेलं नाही, साहेब. सोल्डर कच्चं आहे."

"पण बाईंनी कबूल केलंय ना? ग्राहकाने स्वतः कबूल केल्यावर आपला रिपोर्ट चालत नाही. नियम आहे."

"चहा सांडला हे खरंय. पण त्याने बिघडलं नाही, हेही खरंय."

"फॉर्मवर एवढी जागा नाही," साहेब म्हणाले आणि हसले. मग आवाज आणखी मऊ केला. "घरचंच माणूस आहे ना? मग सोपं आहे. आईंना म्हणावं, पुन्हा फोन करा, म्हणा चहा शेजारच्या टेबलावर सांडला होता, मी घाबरून काहीतरी बोलले. तू 'उत्पादनातील दोष' लिही, मी पास करतो. परवा नवा बोर्ड."

"आणि बाकीचे नऊ?"

"ते नऊ जण वायर ओढणारे होते," साहेब म्हणाले. "तूच लिहिलंयस."

दिवसभर तिचं डोकं तापलं होतं. कंपनीवर, साहेबांवर, त्या दोन चौकोनांवर, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त सासूबाईंवर. काय अडलं होतं या बाईचं? एक वाक्य कमी बोलली असती तर! आता खरं कारण कागदावर यायला हिने खोटं बोलायला हवं. उलटा कारभार नुसता.

घरी आली तेव्हा सासूबाई खिडकीशी बसून बिल्ला हाताने भरत होत्या. तीन दिवसांत अकरा झाले होते. चष्म्याआड डोळे लाल. तिने सगळं सांगितलं. तडा, साहेब, फोन, परवा येणारा बोर्ड.

सासूबाईंनी सुई कापडात खोचून ठेवली. "म्हणजे माझ्यामुळे नाही गेलं?"

"नाही."

"तीन दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय, अगं. म्हटलं, म्हातारपणी हौस केली आणि माती केली." त्यांचे डोळे भरून आले. सुनेलाही बरं वाटलं, पण फार वेळ नाही. कारण सासूबाईंनी लगेच विचारलं, "पण तुला हे इतक्या पटकन कसं सापडलं?"

"आधी बघितलंय."

"किती जणांचं?"

"नऊ."

"त्यांना मिळाले ना नवे बोर्ड?"

"नाही. वायर ओढली, असं लिहिलं मी त्यांच्या फॉर्मवर," ती म्हणाली. सासूबाईंनी हातातला बिल्ला बाजूला ठेवला. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "तू त्यांना वायर ओढली म्हणून सांगितल्यावर ते काय म्हणाले?"

कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. एक-दोघे भांडलेही. पण बाकीच्यांनी माफी मागितली होती. एक बाई तर काउंटरवर अगदी ओशाळून गेली होती : "मी आहेच हो धांदरट. घरात सगळे म्हणतातच." आणि हिने, भिंगाखाली तडा बघून आलेल्या हिने, मोठ्या मनाने म्हटलं होतं, "असू दे, होतं असं." माफ केलं होतं तिला! आठवलं आणि लाजेने तिचे कान तापले.

"मी काही दुसरा फोन करणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग हे बिल्ले?"

"होतील तेवढे हाताने भरीन. बाकीच्यांना नाही म्हणून सांगेन."

"तुमच्या या खरेपणापायी माझी नोकरी जाईल, आई!"

"मी तुला काही करायला सांगितलं का?" सासूबाई म्हणाल्या आणि सुई उचलली.

नव्हतंच सांगितलं. तेच तर. सांगितलं असतं तर कडाकडा भांडता आलं असतं.

तिने दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी नऊ जुने फॉर्म आणि दहावा सासूबाईंचा, तड्याच्या फोटोंसकट, असे मुख्य कार्यालयाला पाठवले. वर दोन ओळी : पहिल्या नऊ फॉर्मांतलं कारण चुकीचं आहे, ते मी लिहिलं आहे. साहेबांनी तिला बोलावलं, नेहमीच्या मऊ आवाजात बसायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं टेबल काढून तिला गोदामात खोकी मोजायला पाठवलं. मुख्य कार्यालयाकडून उत्तर नाही. सासूबाईंनी दोन शाळांना नकार कळवला. त्यातली एक शाळा पुढच्या वर्षीही येणार नव्हती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने यादी समोर घेतली आणि सगळ्यात आधी त्या ओशाळलेल्या बाईला फोन लावला.

"सर्व्हिस सेंटरच्या ताई? बोला ना." पलीकडे टीव्हीचा, माणसांचा आवाज होता.

"तुमच्या मशीनबद्दल. वायर तुम्ही ओढली नव्हती. सॉकेटच कच्चं होतं, पहिल्या दिवसापासून. मला तेव्हाच कळलं होतं. मी कागदावर चुकीचं लिहिलं. आता पुन्हा अर्ज केलाय, निकाल यायचाय. मशीन मात्र जपून ठेवा."



"मशीन माझ्याकडे नाही हो," बाई म्हणाली. "जाऊबाईंना दिलं. घरात म्हणाले, हिच्या हातात वस्तू टिकत नाही. त्यांनी दुरुस्त करून घेतलं, चांगलं चाललंय त्यांचं. मी आता त्यांच्या हाताखाली दोरे कापून देते."

सुनेने हातातली यादी खाली ठेवली.

"ताई," बाई घाईने म्हणाली, "फोन ठेवू नका. सगळे घरात आहेत आत्ता. मी स्पीकरवर टाकते." मग जरा लांबून, कोणाला तरी, "अहो, तो टीव्ही बंद करा." आणि पुन्हा फोनजवळ येऊन, "हां. आता सांगा. पहिल्यापासून सांगा."

तिने घसा साफ केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.